पिवळ्या मोज्यांचा रविवार

"हा पिवळा नाही," क्लॅरिस आत्या म्हणाली. "ही कावीळ आहे."

टीव्हीवर अजून मोजे आलेही नव्हते. एक उमराव कोचावर पडून प्रेमाबद्दल तक्रार करत होता आणि त्याच्यामागे एक पिवळा पडदा होता, एवढंच. पण किंबर्लिनांच्या रंगखान्यात चाळीस वर्षं हौदांवर उभी राहिलेली आत्या त्या पडद्यावरून मोज्यांचं भविष्य ओळखत होती. शहात्तराव्या वर्षी ती उठली, टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने रंगाचं बटण पिळलं. पडदा लिंबासारखा झाला. उमराव हिरवा झाला.

"आत्या, माणसं बिघडली," डेस्मंड म्हणाला.

"माणसं मी रंगवलेली नाहीत."

टीव्ही डेस्मंडचा होता. त्याच्या बापाच्या, विल्फ्रेड किंबर्लिनांच्या घरात जो होता तो काळा-पांढरा होता, आणि पिवळे मोजे काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर बघायला सगळं घराणं गोळा होतंय हे शनिवारी संध्याकाळपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात आल्यावर डेस्मंडने आपल्या घरी या म्हटलं. म्हाताऱ्याने साफ नाही म्हटलं: मोजे मी विणले, ते मी माझ्या खुर्चीत बसून बघणार. मग डेस्मंडने रविवारी सकाळी कारखान्याच्या व्हॅनमध्ये घालून आपला रंगीत टीव्ही आणला आणि एकट्याने उचलून आत ठेवला. ईनिडला भावाचं कौतुक वाटायला आलं होतं. तेवढ्यात त्याने कोटातून एक लांब तपकिरी पाकीट काढलं आणि शेकोटीवरच्या घड्याळामागे उभं केलं.

पाकिटात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. लेस्टरचा एक गालिचेवाला किंबर्लिनांचा कारखाना विकत घ्यायला तयार होता. त्याला मोजे नको होते, यंत्रं नको होती आणि एकतीस माणसं तर अजिबात नको होती. त्याला गालिचे ठेवायला कोरडी जागा हवी होती. डेस्मंडची सही झाली होती. ईनिडने करणार नाही म्हणून सांगितलं होतं. तिची सही नसती तरी चाललं असतं, कारण बापाच्या सहीपुढे दोघांच्याही सह्यांना शोभेपुरतीच किंमत होती. आणि बाप ईस्टरपासून एकच वाक्य म्हणत होता: माझे हात चालतायत तोवर कारखाना चालेल.

त्यातच ऑक्टोबरात टीव्हीवाल्यांचं पत्र आलं. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकासाठी पिवळ्या मोज्यांच्या दोन जोड्या हव्यात, शक्यतो जुन्या पद्धतीने हाताने विणलेल्या. एकोणऐंशी वर्षांच्या विल्फ्रेडने मागच्या पडवीत पडलेल्या, मोजे विणायच्या हातमागावरची ताडपत्री काढली. तेरा वर्षांत तो माग चालला नव्हता. नऊ आठवडे तो खडखडत होता. गावच्या वर्तमानपत्राने म्हाताऱ्याचा फोटो छापला, पाद्रीबुवांनी प्रार्थनेनंतर दिवस आणि वेळ वाचून दाखवली, आणि म्हाताऱ्याने वाक्याला शेपूट जोडलं: "टीव्हीवर माझे मोजे दिसले की ते पाकीट शेकोटीत. त्यांना नको झाले असतील तर आणा पेन."

ईनिडला त्या शेपटाची रात्रंदिवस धास्ती होती, कारण ते मोजे टीव्हीवर दिसणार नव्हते. ते तिच्या खुर्चीखालच्या पिशवीत होते.

तपासणीचं टेबल गेली सत्तावीस वर्षं ईनिडकडे होतं. किंबर्लिनांकडे विणलेला प्रत्येक मोजा रंगात जाण्याआधी त्या टेबलावर यायचा, लाकडी पायावर चढायचा आणि तिच्या बोटांखालून जायचा. दोष सापडला की ती वरच्या काठाला लाल दोरा बांधायची. दोऱ्याचा मोजा विणणाऱ्याच्या हातात सगळ्यांदेखत परत जायचा. त्याने तो उसवायचा, परत विणायचा, आणि तो पास होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. हा नियम विल्फ्रेडच्या बापाने घातला होता आणि त्याला कुणीही अपवाद नव्हतं. डेस्मंड विशीत असताना फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दिवशी त्याच्या मोज्याला दोरा निघाला होता. त्याचं तिकीट वाया गेलं. त्याने बहिणीला माफ केलं नव्हतं, आणि ईनिडच्या मते मोज्यांनाही त्याला कधी माफ करता आलं नव्हतं.

बापाच्या दोन्ही जोड्यांत दोष होता. तिने तीनदा बघितलं, चष्मा पुसून चौथ्यांदा बघितलं. मग तिने टेबलाचा दिवा विझवला, मोजे पिशवीत घातले आणि चार नंबरच्या यंत्रावरच्या दोन चांगल्या जोड्या काढून आत्याच्या हौदाकडे पाठवल्या. लाल दोऱ्याचं रीळ खिशातच राहिलं. पिशवी घरी ठेवणं शक्य नव्हतं. आत्या तिच्याकडेच राहायची आणि दुसऱ्यांची कपाटं आवरणं हा आत्याचा रविवारचा विरंगुळा होता.

"कोण कुणाची बहीण?" विल्फ्रेडने विचारलं.

"ती मुलगी, बाबा," म्युरिअल म्हणाली. म्युरिअल डेस्मंडची बायको. तिने हॅमचे काप, कांद्याचं लोणचं आणि लाल चीज अशी ताटली सासऱ्याच्या मांडीवर ठेवली होती आणि पत्त्यांच्या क्लबातल्या अकरा बायकांना आज टीव्ही लावायला सांगितलं होतं. "जहाज फुटलं, भाऊ बुडाला असं तिला वाटतंय, म्हणून ती पुरुषाच्या कपड्यांत नोकरी करतेय."

"आणि कुणाला कळत नाही?"

"नाही."

"डोळे फुटलेत का? तिच्या चालण्यावरून कळतंय. पोटरी बघा तिची."

विल्फ्रेड माणसं पोटरीवरून ओळखायचा. गावातल्या दोन पिढ्या त्याने गुडघ्यापासून खाली अचूक ओळखल्या होत्या.

नाटक पुढे सरकलं तसा म्हातारा पेटत गेला. एका श्रीमंत बाईच्या वाड्यात तिचा दारुडा काका, काकाचा मूर्ख मित्र आणि एक मोलकरीण रोज धिंगाणा घालत होते. बाईचा कारभारी त्यांना गप्प बसा म्हणाला. तेवढ्यावरून तिघांनी बाईच्या अक्षरात खोटं प्रेमपत्र लिहून त्याच्या वाटेत टाकलं, त्यात पिवळे मोजे घालून ये असं सुचवलं, आणि झुडपामागे लपून हसत बसले.

"त्या माणसाचा गुन्हा काय?" विल्फ्रेडने विचारलं.

"बाबा, विनोदी आहे ते," डेस्मंड म्हणाला.

"त्याला विचार विनोदी आहे का. तो काम करतोय. ते पितायत. आणि मूर्ख कोण, तर तो! घरातलीच माणसं झुडपामागे बसून हसतायत, लाज नाही वाटत?"

"चारशे वर्षं लोक हसतायत त्याला."

"मग चारशे वर्षं गाढवं हसतायत."

ईनिडने चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. आत्या तिच्याकडे बघत होती, की तिच्या खुर्चीखाली बघत होती, ते तिला कळेना.

"आला, आला!" म्युरिअल ओरडली.

कारभारी बागेत आला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. कारभारी हसला. चेहरा. बाई दचकली. चेहरा. कारभाऱ्याने पाय पुढे केला असावा, कारण मोलकरीण खाली बघून किंचाळली. पुन्हा चेहरा.

"खाली!" विल्फ्रेड गरजला. "अरे खाली घे! तोंडाला कुणी मोजे घालतं का?"

"दाखवतील, बाबा."

"नऊ आठवडे मी ह्याच्या नाकपुड्या बघायला घालवले?"

किंबर्लिनांच्या त्या खोलीत इतका एकोपा आईच्या अंत्ययात्रेनंतर पहिल्यांदाच होता. म्युरिअलच्या मते दिग्दर्शकाला घरी बसवायला हवं होतं. डेस्मंडच्या मते असल्या लोकांना माल द्यायलाच नको होता. आत्या तर गुडघ्यांवर बसून टीव्हीच्या काचेत खालच्या बाजूने डोकावून बघत होती. आणि मग, बहुधा इंग्लंडभर अशाच आरोळ्या उठल्यामुळे, कॅमेरा मागे सरकला.

कारभारी डोक्यापासून पायापर्यंत उभा होता. आत्याने बटण केसभर फिरवलं. बाईचा चेहरा वाटाण्याच्या सुपासारखा झाला, गवत निळं झालं, पण मोजे पिवळे झाले. आत्याला हवे तसे पिवळे.

"हा!" आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "हा माझा पिवळा."

डेस्मंडनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. विल्फ्रेडने वाजवल्या नाहीत. त्याने मांडीवरची ताटली टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि चालत टीव्हीपाशी गेला. कारभारी बागेत फेऱ्या मारत होता. म्हाताऱ्याने वाकून त्याच्या एका फेरीचा शेवटपर्यंत पाठलाग केला.

"घोट्याला सुरकुती आहे," तो म्हणाला.

त्याने काचेवर बोट टेकवलं.

"माझ्या मोज्याला घोट्याला सुरकुती पडत नाही. टाके घटवूनच आणतो मी तिथे. हा सरळसोट नळा आहे, यंत्राचा. हा माझा मोजा नाही."

त्यानंतर जो भडका उडाला त्यात प्रत्येकाने आपापली लाकडं घातली. म्युरिअलने पर्समधून वही काढून पत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली, आणि त्यात 'फसवणूक' हा शब्द पहिल्या ओळीत तीनदा आला. अकरा बायकांना ती आता काय सांगणार होती? डेस्मंड खुर्चीतून उठून टीव्हीला शिव्या देत होता. "नऊ आठवडे म्हाताऱ्या माणसाला राबवायचं आणि बाजारातला माल घालायचा! हलकट!" त्याचा राग अगदी खरा होता. तोच ईनिडला सगळ्यांत जड गेला.

"विकू नका, बाबा," म्युरिअल एकदम म्हणाली. "ह्या लोकांना दाखवूच आपण. कारखाना चालवून दाखवू."

डेस्मंडने बायकोकडे असं बघितलं, जणू तीच जहाज फुटून किनाऱ्याला लागली होती. "म्युरिअल, तुझं नवं स्वयंपाकघर त्या पाकिटात आहे."

"असू दे! काही अब्रू आहे की नाही?"

"पत्र लिहू नकोस कुणाला," विल्फ्रेड म्हणाला. तो परत खुर्चीत बसला होता. आवाज एकदम लहान झाला होता. "त्यांची काही चूक नाही. त्यांनी माल बघितला, पसंत पडला नाही, बाजूला ठेवला. पारखणाऱ्याचा तो हक्कच असतो. मी बोललो होतो ना, नको झाले तर पेन आणा म्हणून. डेस्मंड, ते पाकीट दे इकडे."

डेस्मंड जागचा हलला नाही. एवढे दिवस हवी असलेली गोष्ट समोर आली तरी त्याला दोन पावलं टाकवेनात, हे ईनिडने बघितलं. मग त्याने टाकली. पाकीट काढलं, कागद उलगडले, पेनाचं टोपण काढून दिलं.

गप्प बसावं तर एका खोटेपणावर कारखाना जाणार होता. बोलावं तर बापाचे हात जाणार होते, आणि त्या हातांवरच कारखाना उभा होता. हिशेब कसाही मांडला तरी उत्तर गालिचेच येत होतं.

"बाबा, त्यांनी तुमचे मोजे बघितलेच नाहीत," ईनिड म्हणाली.

पेन कागदाच्या वर थांबलं.

"मी पाठवलेच नाहीत. हे चार नंबरवरचे आहेत, आपल्याच. तुमचे इथे आहेत." तिने खुर्चीखालून पिशवी ओढली आणि बिनरंगाचे, दुधासारखे चार मोजे काढून टेबलावर, हॅमच्या ताटलीशेजारी ठेवले.

"ताई?" डेस्मंड म्हणाला. "तू?"

"गप्प बस," विल्फ्रेड म्हणाला. त्याने मोज्यांना हात लावला नाही. "दोष काय होता?"

"घोट्याची घट. डाव्याला अठरा वेळा घटवलंय, उजव्याला सोळाच. दुसऱ्या जोडीत टाचेला एक टाका सुटलाय."

म्हाताऱ्याने एक मोजा उचलला. डोळ्यांजवळ नेला नाही. डोळे मिटले आणि घोट्याच्या कडेने अंगठा फिरवत गेला, ओठ हलवत. मग दुसरा. खोलीत फक्त कारभाऱ्याचा आवाज होता. त्याला एव्हाना वेडा ठरवून अंधाऱ्या कोठडीत कोंडलं होतं आणि तो आतून ओरडत होता की मी शहाणा आहे.

"सोळा," विल्फ्रेड म्हणाला. त्याने डोळे उघडले. "दोरा कुठाय?"

"बाबा..."

"दोरा कुठाय म्हणतो मी!" हा आवाज ईनिडने शेवटचा ऐकला तेव्हा कारखान्यात दोनशे माणसं होती. "सत्तावीस वर्षं दोरे बांधतेस. तुझ्या आईच्या मोज्याला बांधलास, ती दवाखान्यातून येऊन दोन दिवस झाले नव्हते तेव्हा. ह्या गाढवाच्या बांधलास..."

"अंतिम सामन्याच्या दिवशी," डेस्मंड म्हणाला.

"...आणि बरोबर बांधलास. मग माझ्याच मोज्याला का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे की! माझं वाईट वाटणं काय तुझ्या पिशवीत ठेवायची वस्तू आहे? सगळ्या गावाला गोळा करून मला टीव्हीपुढे बसवलंत. मी पाद्रीबुवांना सांगून आलो, पाय नीट बघा म्हणून. तो तिथे कोंडलेला माणूस आणि मी, काय फरक आहे? त्यालाही घरातल्यांनीच मोजे घालून नाचवला आणि झुडपामागे बसले!"

"मी हसले नाही, बाबा."

"हसली असतीस तर बरं झालं असतं. तू कीव केलीस." तो वळला. "क्लॅरिस, तुला माहीत होतं?"

आत्या अजून टीव्हीपुढेच बसली होती. "ओल्या लोकरीला हात लावला की कळतंच," ती म्हणाली. "हौदातच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खूश होतास, विल्फ. तू खूश असलास की जरा शांतता असते."

विल्फ्रेडने दोन बायकांकडे आळीपाळीने बघितलं. मग त्याने दोन्ही जोड्या गोळा केल्या आणि ईनिडपुढे आपटल्या. "बांध."

तिने खिशातून रीळ काढलं. सत्तावीस वर्षांची सवय बोटांना होती, त्यांना तिची परवानगी लागली नाही. पहिला काठ, दोन वेढे, गाठ. उजवा. मग दुसऱ्या जोडीचे. चारही लाल दोरे दुधाळ लोकरीवर असे दिसत होते, जणू कुणाला सुई टोचली होती. बापाने प्रत्येक गाठ ओढून बघितली. तिसरी त्याला सैल वाटली. तिने ती परत बांधली.

डेस्मंडने घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला वेळ साधायची घाई असायची. "बाबा," तो हळूच म्हणाला, "आता तुम्हालाच कळलंय... हात पूर्वीसारखे... म्हणजे कुणाचा दोष नाही. इथे, खाली, तारखेच्या वर सही."

"कसली सही?"

"कागदांवर."

"तुला दोरा दिसत नाही? मला दोरा निघालाय!" विल्फ्रेडने मोजा त्याच्या नाकासमोर नाचवला. "नियम काय आहे?"

डेस्मंड काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांग. तुला पाठ आहे."

"उसवायचा," डेस्मंड म्हणाला. "परत विणायचा."

"आणि?"

"पास होईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

"पेनालासुद्धा नाही," विल्फ्रेड म्हणाला, आणि पेन त्याने मुलाच्या वरच्या खिशात खोचलं.

"बाबा, गालिचेवाला महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे!"

"मग त्याला महिनाअखेरपर्यंत थांबू दे. चार मोजे आहेत. पहिल्या वेळी नऊ आठवडे लागले, तेव्हा मी घाई केली, म्हणून दोरा आला. आता घाई करणार नाही. आधी चष्मा बदलायला हवा." त्याने टेबलावरची सुरी पुसली, मोज्याची मागची शिवण टोकाने उचलली आणि टाका तोडला. "हात पुढे कर."

"काय?"

"दोन्ही. असे. लोकर गुंडाळायची आहे."

डेस्मंड हात पुढे करून बसला. लोकर वळणं वळणं घेत सुटू लागली आणि त्याच्या दोन मनगटांभोवती फिरू लागली. कागद त्याच्या मांडीवरून घसरून गालिच्यावर पडले. ते उचलायला त्याला हात नव्हते. म्युरिअलने वाकून उचलले, क्षणभर हातात धरले आणि टेबलाला ओल लागू नये म्हणून ट्रायफलच्या, त्या गोड पदार्थाच्या, भांड्याखाली घातले.

टीव्हीवर भाऊ-बहीण भेटले होते, जोड्या लागल्या होत्या, सगळे हसत होते. कारभाऱ्याला कोठडीतून बाहेर काढलं. तो त्या हसणाऱ्यांमधून, सूड घेईन असं सांगत, तरातरा निघून गेला.

"गेला बघ चिडून," आत्या म्हणाली.

"बरोबर केलं त्याने," विल्फ्रेड म्हणाला. अजून त्याचा राग उतरला नव्हता. उतरण्याची काही लक्षणंही नव्हती. तो ईनिडकडे बघत नव्हता. पण पायाचा पहिला वीतभर भाग उसवून झाल्यावर त्याने, लोकरीवरची नजर न काढता, विचारलं:

"आणि परत सोळाच निघाले तर?"

ईनिडने रीळ खिशात टाकलं. "तर बांधीन."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत."

"हं," म्हातारा म्हणाला, आणि डेस्मंडला हात जरा वर धरायला सांगून त्याने पुढची ओळ उसवली.